लाकडी मूठ

थोरलीने चोक अर्धा ओढला आणि बॉनेटखालची थरथर एकदम शमली. चोक परत आत ढकलला, तशी जुनी गाडी पुन्हा हीव भरल्यासारखी हलू लागली. बॅटरीवर ठेवलेला पाना टणटणत कडेपर्यंत सरकला आणि खाली पडला.

"म्हणजे हवा जास्त होतेय, नाहीतर पेट्रोल कमी पडतंय," बाबा म्हणाले. "दोन्हीतलं कोणतं, ते कानाने ठरवायचं. कुठून हवा शिरत असेल तर फुसफुस येईल. धाकटे, ऐक बरं."

आणि लाकडी मुठीचा तो लांब स्क्रूड्रायव्हर त्यांनी धाकटीच्या हातात दिला.

पाना उचलायला वाकलेली थोरली जरा जास्तच वेळ खाली राहिली. कॉलेज सुटल्यापासून ती या गॅरेजात राबत होती. मनगटावर सायलेन्सरचे चटके होते, नखांतलं काळं धाकटीच्या लग्नातसुद्धा निघालं नव्हतं. पण त्या स्क्रूड्रायव्हरला हात लावायची तिची कधी छाती झाली नव्हती. टोक इंजिनावर टेकवून, मूठ कानाशी धरून बाबा डोळे मिटायचे आणि इंजिनाच्या पोटातलं सांगायचे. आता धाकटी रजा काढून माहेरी आली काय आणि मूठ तिच्या कानाला लागली काय!

"ताई, अशी बघू नकोस गं. इंजिन घाबरून बंद पडेल."

"इंजिन नाही घाबरत. त्याला माणसं कळतात."

धाकटी हसली. बाबा हसले नाहीत. त्यांचं लक्ष धाकटीकडे होतं. गेले काही दिवस हेच चाललं होतं. ती ऐकायची आणि बाबा खोदून खोदून विचारायचे. ठोका सलग की तुटक? कोरडा की भरलेला? तिच्या उत्तरांवरून मग ते निदान करायचे. थोरलीला त्यांनी असं समोर उभं करून कधी शिकवलं नव्हतं. तिच्या वाट्याला आलं होतं ते एवढंच, "बघ आणि शीक."

तेवढ्यात फोन आला म्हणून धाकटी स्क्रूड्रायव्हर ठेवून दाराबाहेर गेली. बाबा फळीवरचा ब्रश शोधायला वळले.

खरं तर सकाळीच थोरलीने सगळ्या नळ्या चाचपून पाहिल्या होत्या. एकही सैल नव्हती, चिरलेली नव्हती. फिल्टरमध्ये मात्र टाकीतला गंज उतरला होता. दुखणं पेट्रोलचं होतं. कार्बोरेटरचा जेट, पेट्रोल येण्याचं बारीक छिद्र, तुंबला होता. पण तिला विचारलं होतं कोणी?

तिने हात आत घातला आणि कार्बोरेटरमागची हवेची बारीक नळी सोडवून ठेवली. लगेच फुसफुस सुरू झाली, पंक्चर झालेल्या टायरसारखी. आता धाकटी येणार, ऐटीत "हवा" म्हणून सांगणार, आणि मग आपण सगळ्यांदेखत ती सुटलेली नळी दाखवणार. नुसत्या कानाने काय होतं, डोळे नकोत?

पण धाकटीच्या आधी बाबाच आले. थोरली बघतेय हे पाहून त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला, टोक टेकवलं, मूठ कानाशी धरली आणि डोळे मिटले.

"फुसफुस नाही," ते म्हणाले. "पेट्रोलच अडतंय. जेट उघड."

नळी त्यांच्या हनुवटीखाली फुसफुसत होती.

आपली लबाडी पकडली गेली, असं वाटून थोरली त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू शोधू लागली. तिथे काही नव्हतं. ती हळूच त्यांच्या पाठीमागे गेली.

"बाबा, पेट्रोल गळतंय."

एरवी या शब्दांनी बाबा ताडकन उठले असते. ते तसेच, डोळे मिटून, मन लावून ऐकत राहिले.

दारात धाकटी उभी होती. फोन हातातच राहिला होता. तिने फुसफुस ऐकली होती, ताईचं वाक्यही ऐकलं होतं. तिने फक्त मान हलवली, नको अशी.

थोरलीला दोन गोष्टी एकदमच कळल्या. बाबांचे कान गेले होते. आणि ते त्यांनी धाकटीला सांगितलं होतं. त्यातली दुसरी आधी टोचली.

तिने हात आत घालून नळी जागेवर बसवली. फुसफुस थांबली. मग ती गाडीला वळसा घालून बाबांच्या समोर, दाराच्या उजेडात येऊन उभी राहिली आणि त्यांच्या दंडाला हात लावला. त्यांनी डोळे उघडले.

"आणा ती मूठ इकडे. आज मी ऐकणार. धाकटीचे लाड पुरे झाले."

बाबांची नजर तिच्या डोळ्यांवर नव्हती, ओठांवर होती. ही नजर केव्हापासून अशी खाली सरकली होती?

"जळतेस की काय बहिणीवर?"

"जळते ना," थोरली एकेक शब्द सुटा करून म्हणाली. "आजही जळते."

बाबा मोकळेपणाने हसले. बऱ्याच दिवसांनी. त्यांनी स्क्रूड्रायव्हर पुढे केला. मूठ अजून कोमट होती.

तिने टोक इंजिनावर टेकवलं. सवयीने ती मान खाली घालणार होती. मग तिने चेहरा वर केला.

"फुसफुस?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"मग मी काय म्हटलं होतं! आणि ठोका?"

धाकटी दाराशीच थांबली होती. थोरलीने तिच्याकडे पाहिलं नाही.

"सांग," बाबा म्हणाले आणि जरा पुढे वाकले.