सडकेवर हाक मारायची नाही

सकाळी पावणेदहाला साची सडकेच्या कडेला येऊन उभी राही. हातात पिवळं निशाण, डोक्यावर पिवळी टोपी. तशाच टोप्या तिनं चाकूरच्या फरीदा शिंपिणीकडून शाळेच्या एकतीस पोरांना शिवून घेतल्या होत्या. चाकूरच्या पुढं, नांदेडच्या वाटेवरची ही शाळा. सडक चौपदरी झाली आणि वस्ती एका अंगाला राहिली, शाळा दुसऱ्या. मधे काळं डांबर, आणि डांबराच्या मधोमध कण्हेरी लावलेला दुभाजक.

साची जपानची, समुद्राकाठच्या एका लहान गावातली. पुण्यात वर्षभर मराठी शिकली, मग एका संस्थेमार्फत दोन वर्षांसाठी इथं आली. तिचे वडील पोस्टातून निवृत्त झाल्यावर रोज सकाळी गावच्या चौकात असंच निशाण घेऊन उभे राहायचे, पोरांना रस्ता पार करून द्यायला. प्रत्येकाला नावानं हाक मारायचे. ते गेले आणि घरात बोलायला कुणी उरलं नाही. निशाण तेवढं उरलं. तेच हे.

इथं तिच्या गावासारखं काहीच नव्हतं. ऊन वेगळं, भात वेगळा, पाखरंही वेगळी. एक गोष्ट तेवढी सारखी, गाड्या इथंही डाव्या बाजूनं चालत. म्हणून वडिलांचा धडा तिला तसाच्या तसा शिकवता आला. आधी उजवीकडं बघ. मग डावीकडं. पुन्हा उजवीकडं. हात वर कर. मग चाल.

पहिल्या दिवशी एकतीस हात वर झाले आणि दोन काळीपिवळ्या जिपा कचकन थांबल्या.

"चला चाकूर, चाकूर! किती जण?" पुढच्या जिपेतून ड्रायव्हर हनीफ डोकं काढून ओरडला. त्यानं खाली बघितलं, तर सगळी पिवळ्या टोपीची चिमणी मंडळी. "आवं बाई, बसायचं न्हाई तर हात कामून दाखवून राहिले?"

"रस्ता ओलांडण्यासाठी. आपण थांबलात, आपली आभारी आहे," साची पुण्याच्या मराठीत म्हणाली.

"ऐका! आम्हाला कुणी 'आपण' म्हटलं पहिल्यांदाच," हनीफ मागच्या बाकावरच्यांना म्हणाला, आणि जीप हसत हसत निघून गेली.

रोज असंच व्हायचं. हात वर, जीप उभी, "चढायचं का?" "न्हाई चाचा, वलांडायचं." पोरांना त्यातच मजा. साचीच्या दिवसातलं सगळं हसू त्या दहा मिनिटांत उरकून जाई. शाळा सुटली की मास्तर मोटारसायकलीवर चाकूरला जात, पोरं वस्तीत जात, आणि शाळेमागच्या खोलीत ती एकटी राही. सांजेला आपल्याच आवाजाची सवय राहावी म्हणून ती भांड्यांशी बोले. काय बोलावं कळेना तेव्हा उजळणी म्हणे. उजवीकडं, डावीकडं, पुन्हा उजवीकडं.

तिच्याशी खऱ्या अर्थानं बोलणारं एकच माणूस, सरजाबाई. शाळेची खिचडी शिजवायची. तांदूळ निवडता निवडता ओव्या म्हणायची, मधेच थांबून साचीला विचारायची, "तुमच्याकडं जात्यावर काय म्हणत्यात वो?" साचीला जात्यावरचं काही येत नव्हतं. ती समुद्राचं काहीतरी गुणगुणायची. सरजाबाई मान डोलवायची. "चाल गोड हाय. शब्द कळले न्हाईत तरी बाईमाणसाचंच दुख दिसतंय."

तिची नात लुंबिनी तिसरीत. बाप सुगत लातूरला विजेच्या तारांचं काम करायचा, आईही तिकडंच. पोरगी आजीपाशी. सगळ्यांत आधी नियम तिच्या अंगात भिनला. आजीला सुद्धा ती दंडाला धरून थांबवायची, "आज्जे, आधी उजवीकडं."

जानेवारीत उसाच्या गाड्या सुरू झाल्या. एका सकाळी लुंबिनीनं उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं, पुन्हा उजवीकडं. हात वर करून चालू लागली. सगळं बरोबर केलं तिनं. चूक होती ती उलट्या बाजूनं आलेल्या मोटारसायकलीची. ती उसाच्या ट्रॉलीआडून भरधाव निघाली. दोन पावलं पडली असती तर पोरगी दुभाजकाला पोचली असती. पण साचीच्या छातीतून वडिलांचा आवाज निघाला.

"लुंबिनी!"

आणि लुंबिनी थांबली. सडकेच्या मधे. पाय जुळवून, तोंड फिरवून, "ओ बाई" म्हणाली.

मोटारसायकल वळली, घसरली. लुंबिनीच्या उजव्या हाताला दांडा लागला, हाड मोडलं. जीव वाचला. हनीफनंच तिला जिपेत घालून दवाखान्यात नेलं. पोरगी रडली नाही. वाटभर साचीकडं बघत राहिली, आपल्याला कशाला बोलावलं होतं ते बाई आता सांगतील म्हणून.

हात प्लास्टरात गेला आणि लुंबिनीची शाळा थांबली. सरजाबाई मात्र रोज यायची. दहाला चूल पेटवायची, खिचडी शिजवायची, साचीच्या ताटात वाढायची, तिच्याकडं न बघता. ओव्याही थांबल्या. तांदळातले खडे निवडून ताटलीत टाकल्याचा तेवढा आवाज.

"मावशी, लुंबिनी कधी येणार?"

"न्हाई येणार. माझी पोरगी आता ती सडक वलांडणार न्हाई. तिकडंच गोवऱ्या थापील."

एवढंच. फेब्रुवारी असाच गेला. एकतीस मार्चला साचीला परत जायचं होतं. व्हिसाची मुदत संपत होती, वाढवून मिळणार नव्हती. सकाळी ती टोप्या मोजायची. तीस. पुन्हा मोजायची. तीसच. तिला वाटे, पोर भ्यायली म्हणून थिजली. तिनं फळ्यावर मोठी चित्रं काढली, बाण काढले, पोरांना नियम पुन्हा पुन्हा म्हणायला लावला. दुरुस्त करण्यासारखं होतं ते कुठं होतं, तेच तिला दिसत नव्हतं.

एकदा चाकूरला खडू आणायला निघाली तेव्हा हनीफनं तिला पुढं बसवलं.

"बाई, एक सांगू? राग नका मानू."

"सांगा ना."

"पोरगी भ्यायली नव्हती. म्या समोर होतो, बघितलंय. तुम्ही मागून हाक मारली, ती थांबली."

"पण मी सावध करण्यासाठी..."

"तुमच्याकडं असंल. आमच्याकडं मोठ्यानं हाक मारली की लेकरानं जागच्या जागी थांबायचं, वळायचं, ओ द्यायची. मग फुडची गोष्ट. पाठ दाखवून चालत राहिलं की घरी गेल्यावर कान पिळत्यात, बहिरी झालीस का म्हणून. हिंदूचं असो, मुसलमानाचं, जयभीमवाल्याचं, ह्यात समदी सारखी." त्यानं गिअर टाकला. "तिनं तुमचंच ऐकलं, बाई."

चाकूर आलं. साचीनं खडू घेतले की नाही हे तिला नंतर आठवेना.

दुसऱ्या दिवशी ती चुलीपाशी जाऊन बसली. धुरात डोळ्यांतून पाणी आलं तरी कुणाला कळत नाही, म्हणून तीच जागा बरी.

"मावशी, चूक माझी होती. मी हाक मारली म्हणून ती थांबली."

सरजाबाईनं पळी भांड्यावर ठोकली. "मला पहिल्या दिवसापून ठाव हाय."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुम्ही शिकल्या-सवरल्या, समुद्रापल्याडून आलेल्या. आन् बोलले असते तर तुम्ही सामान बांधून निघून गेल्या असत्या. बाकीच्या तिसांचं कुणी बघायचं?" मग पळी खाली ठेवून, "मी असते तर मी बी हाकच मारली असती. ह्याचाच तर राग येतो मला."

साचीनं चुलीत फुंकर घातली.

"पोरांना शिकवते मी," साची म्हणाली, "सडकेवर हाक आली तरी थांबायचं नाही."

"शिकवा. आठ दिवसांत विसरत्याल. त्यांच्या आज्यांनी आधी शिकवलंय ना." सरजाबाईनं लाकूड आत सारलं. "शिकवायचं तर आमाला शिकवा. जे मागं उभं राहतंय त्यानं तोंडाला कुलूप घालायचं. हाक मारायचीच न्हाई."

"पण गप्प कसं उभं राहायचं? जीव घाबरतो."

"मंग ओवी म्हणायची. ओवी चालू हाय तवर पाय चालू. जात्यावर कसं, ओवी मोडली की हात थांबतो. इथं पाय." तिनं डोळे मिटून, तांदळात बोटं चालवत, वेळ मापली. "दोन वळी म्हणजे अर्धी सडक. मधे कण्हेरीपाशी थांबायचं, श्वास घ्यायचा, तिकडून बघायचं. मग फुडच्या दोन वळी."

तिनं तिथंच जुळवली ती ओवी. साचीनं ती वहीत नाही, हातावर लिहून घेतली, पेनानं, मनगटापासून कोपरापर्यंत.

सडक काळीभोर, बाई नदी बिनपाण्याची
पल्याड चालली, मैना माझी गुणाची

नको बघू बाळा, वळूनिया मागं
पाठीवर माझी ओवी, चालतिया संगं

वस्तीतल्या बाया सकाळी कडेला येऊ लागल्या. काही लाजल्या, काहींनी पदर तोंडाला लावून म्हटली. पोरं दोन ओळींत अर्धी सडक जात. उसाच्या गाड्यावाले भोंगा बंद करून ऐकत. हनीफ म्हणाला, "आता हात दाखवायची गरज न्हाई. गाणं ऐकलं की आपला ब्रेक आपोआपच लागतो."

लुंबिनी आली ती मार्च अर्धा सरल्यावर. प्लास्टर निघालेला हात काडीसारखा, दुसऱ्या हातापेक्षा उजळ. आजीचा पदर धरून कडेला उभी राहिली. सरजाबाईनं ओवी धरली. दोन वळी झाल्या, पोरगी हलली नाही. पुन्हा धरली. पाय मातीत रुतल्यासारखे.

साची हातभर अंतरावर उभी होती, त्याच कडेला. तिच्या तोंडात ते नाव आलं होतं, तीन अक्षरांचं. तिनं ते दातांखाली धरलं.

"बाई," लुंबिनी सडकेकडं बघतच म्हणाली, "तुम्ही म्हणा."

साचीचा आवाज लहान. 'ळ' तिला कधीच नीट आला नाही, 'काळीभोर'ची 'कारीभोर' झाली. मागं कुणी हसलं, सरजाबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की हसू जिरलं. लुंबिनीनं उजवीकडं बघितलं. डावीकडं. पुन्हा उजवीकडं. बारका हात वर केला आणि निघाली. कण्हेरीपाशी थांबली. साचीचा श्वास संपला होता, तो तिनं गोळा केला. पुढच्या दोन वळी. पल्याड पाय टेकले तेव्हा सरजाबाई खाली मातीत बसली होती, आणि तिचा हात साचीच्या पावलावर होता. तो कधी तिथं आला, दोघींनाही ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी टोप्या एकतीस भरल्या.

एकतीस मार्चला पोरांनी साचीच्या पिशवीत कायकाय कोंबलं. चिंचा, एक गोटी, भुईमुगाच्या शेंगा. निशाण तिनं सरजाबाईच्या हाती दिलं. शाळेसमोरून जाणाऱ्या गाड्या नांदेडकडच्या. लातूरची एसटी वस्तीकडच्या अंगाला मिळे, म्हणजे तिला सडक पार करायची होती. एकटीला. पोरं, सरजाबाई, मास्तर, सगळे शाळेच्या कडेला उभे राहिले.

तिनं उजवीकडं बघितलं, डावीकडं, पुन्हा उजवीकडं. पाऊल टाकलं. आणि तिच्या मनात आलं, कुणीतरी हाक मारावी. एकदा. नावानं. थांबून, वळून, ओ द्यावी.

हाक आली नाही. ओवी आली. एकतीस गळ्यांची, आणि त्याखाली एक जाडसर, धुरकट. तिनंच शिकवलं होतं, ओवी चालू आहे तोवर थांबायचं नाही, वळायचं नाही. ती चालत राहिली. कण्हेरीपाशी श्वास घेतला. नको बघू बाळा, वळूनिया मागं. तिनं बघितलं नाही. पिशवीतल्या शेंगा खुळखुळत होत्या.

पल्याड पोचल्यावर ओवी संपली. आता वळायला हरकत नव्हती. ती वळली.

एकतीस हात वर होते, निरोपाचे. एक त्यात बारका. आणि ते हात बघून त्या बाजूच्या दोन काळीपिवळ्या कचकन येऊन उभ्या राहिल्या, एकीमागं एक. पोरं झाकली गेली. नवा कुणी ड्रायव्हर खिडकीतून ओरडत होता, "चला, चला! कुठं जायचं? किती जण?"

जाणारी एकच होती, आणि ती इकडं उभी होती.