कॅमेऱ्याच्या शेजारी

"बघ तूच! आम्ही चौघं दाढ उपटून घ्यायला बसलोय की नाही?" असं म्हणत आजींनी फोटो काउंटरवर माझ्या नाकासमोर ठेवला. मागे त्यांचा मुलगा आणि सून ओशाळं हसत उभे होते. सून म्हणाली, "ताई, राग मानू नका. फोटो स्वच्छ आलाय. पण आमची पोर परवा निघणार, शिकायला, सातासमुद्रापार. पुन्हा चौघं एकत्र कधी बसू कोण जाणे. तिला खोलीत लावायला हवा होता आणि तिलाच तो बघवेना."

राग मानू नका म्हणे! माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. पण त्या दिवशी मला राग आला तो स्वतःचाच. म्हातारी बोलली त्यात तसूभरही खोटं नव्हतं. आजींचा एकेक पांढरा केस वेगळा दिसत होता, कुणाच्या नाकाची सावली गालावर पडली नव्हती, आणि एवढं सगळं असून चौघं चार घरांतून उचलून आणल्यासारखी दिसत होती.

"उद्या सकाळी या. पुन्हा काढते," मी म्हटलं.

"तुझे बाबा नाही का काढणार?" आजींनी आपल्या मुलाकडे बोट दाखवलं. "हा घोडा रांगत होता तेव्हाचा फोटो त्यांनीच काढलाय. अजून समोर गेले की वाटतं, आत्ता मांडीवरून उतरेल आणि सुटेल दाराकडे."

"बाबांना बरं नसतं," मी म्हटलं आणि विषय तिथंच तोडला.

बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून स्टुडिओ मी सांभाळते. त्यांचा उजवा हात कापतो, बोलणं जड झालंय आणि चेहऱ्याची उजवी बाजू खाली ओघळलीय. स्टुडिओच्या मागच्या खोलीत ते दिवसभर बसून असतात. गिऱ्हाईक आलं की मधला पडदा ओढून घेतात. आयुष्यभर लोकांचे चेहरे बघितलेला माणूस, त्याला आपला चेहरा कुणी बघितलेला चालत नाही.

त्यांनी काढलेले फोटो स्टुडिओच्या भिंतीभर आहेत. कुणाची आई, कुणाचे काका, कुणाची सहा पोरं एका बाकावर. त्या माणसांकडे बघितलं की आपण बाहेरगावाहून परत आलोय आणि ती आपलीच वाट बघत होती, असं वाटतं. मी तेच लाइट लावले, तोच करडा पडदा, तेच स्टूल. कॅमेरा तर माझा त्यांच्यापेक्षा भारी. तरी माझी माणसं लाकडाची ती लाकडाचीच. बाबांच्या फोटोंत मला एकच खोट सापडायची. त्यांच्या माणसांची नजर भिंगात नसायची, थोडी बाजूला जायची. एवढा मुरलेला फोटोग्राफर आणि ही शिकाऊ चूक! ती तरी आपल्याकडून होऊ नये म्हणून मी भिंगाखाली लाल कागदाचा ठिपका चिकटवला होता आणि येईल त्याला सांगायची, ठिपक्याकडे बघा. तेवढंच माझं समाधान.

त्या संध्याकाळी मी मनाशी ठरवून टाकलं. उद्या जमलं नाही तर बस्स झालं, पाटी उतरवायची. शेजारचा मोबाइल दुरुस्तीवाला कधीचा जागा मागत होता. त्याला हो म्हणायचं आणि कुठंतरी मुकाट्यानं नोकरी धरायची. बाबांना मी तसं सरळ सांगितलं.

ते चहा पीत होते. डाव्या हातानं कप खाली ठेवून म्हणाले, "तू चांगली काढतेस."

"खोटं बोलू नका. तुमच्यासारखं येत नाही. तुम्ही नेमकं काय करायचात ते सांगा ना एकदा."

"काही नाही. बघायचं."

"बघायचं म्हणजे काय? मी काय डोळे मिटून काढते?" माझा आवाज चढला. "उद्या तुम्हीच या बाहेर. नुसतं सांगा मला, असं कर, तसं कर."

त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "हे तोंड घेऊन? पोरगी घाबरेल बिचारी."

"नका येऊ! बसा पडद्यात नव्या नवरीसारखे!" असं तोंडाला येईल ते बोलून मी कपबशी उचलून आत गेले. मग मोरीत उभी राहून कितीतरी वेळ तीच बशी घासत राहिले.

दुसऱ्या दिवशी चौघं वेळेवर हजर. आजींना मधल्या खुर्चीत बसवलं, नातीला त्यांच्या पायाशी, मुलगा आणि सून मागे. नात उंच, हडकुळी, डोळे सुजलेले. जायचं म्हणून रात्रभर रडली असणार. मी कॅमेऱ्यामागे वाकले आणि माझी नेहमीची टकळी सुरू झाली. "हनुवटी खाली. खांदे सैल. काका, हात खिशातून काढा. ठिपक्याकडे बघा. आता जरा हसा."

"सैल हो म्हटलं की माणूस जास्तच आखडतो गं बाई," आजी म्हणाल्या.

त्यांचंही बरोबरच होतं. छोट्या चौकटीतून मला चार ताठ माना दिसत होत्या. मी लाइट सरकवला, स्टूल बदललं, सुनेला डावीकडून उजवीकडे आणलं. मुलानं हळूच घड्याळ बघितलं. गेलं, हातचं गेलं सगळं! आता त्यांना जा म्हणून कसं सांगायचं एवढाच विचार डोक्यात होता. डोळ्यांत पाणी यायला लागलं आणि ते दिसू नये म्हणून मी कॅमेऱ्याला आणखीच चिकटले.

आणि तशी चिकटलेली असतानाच मला चौकटीत काहीतरी हलताना दिसलं. हललं म्हणजे कुणी जागचं उठलं नाही. आजींची हनुवटी आपणहून सैल पडली. मग मुलाचे खांदे उतरले. हा मघाशी घड्याळ बघणारा माणूस, त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू दहा वर्षांचा पोरगा आला. सुनेचा हात सासूच्या खांद्यावर गेला, तिच्याही नकळत. नातीनं मान आजीच्या गुडघ्याला टेकवली आणि तिच्या सुजलेल्या डोळ्यांत असा उजेड आला की लाइट हलला की काय वाटलं. मी लाइटला हातसुद्धा लावला नव्हता! चार माणसं माझ्या डोळ्यांदेखत एक घर होत होती, आणि ते कशानं होतंय ते मला कळत नव्हतं.

चौघंही ठिपक्याकडे बघत नव्हती. थोडी बाजूला बघत होती.

मी मान वर केली. कॅमेऱ्याच्या शेजारी, माझ्यापासून हातभर अंतरावर, बाबा उभे होते. काठीवर भार टाकून, दाढीसुद्धा न केलेले, घरातल्याच कपड्यांत. ते काही म्हणजे काही करत नव्हते. हातवारे नाहीत, गंमत नाही, शब्द नाही. ते फक्त त्या माणसांकडे बघत होते. चेहऱ्याची डावी बाजू हसत होती, उजवी जागच्या जागी लोंबत होती, आणि डोळे! मी इतकी वर्षं या माणसाच्या घरात वाढले, पण काम करताना त्यांचे डोळे कधी बघितलेच नव्हते. लहानपणी मी मागून त्यांची पाठ बघायची. ते आजींकडे असे बघत होते की जणू या खुर्चीत यापेक्षा मोलाचं माणूस आजवर बसलंच नाही. मग मुलाकडे तसंच. मग सुनेकडे. मग त्या हडकुळ्या पोरीवर त्यांची नजर थांबली, आणि पोरगी घाबरली तर नाहीच, फुलली.

अरे देवा, म्हणजे हे होतं! भिंतीवरची ती सगळी माणसं, कुणाची आई, कुणाचे काका, ती बाकावरची सहा पोरं, ती कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती. ती माझ्या बापाकडे बघत होती. मी ज्याला चूक म्हणत आले ते हे होतं. गावातल्या घराघरांत, भिंतीभिंतीवर, माझ्या बापाच्या नजरेला दिलेलं उत्तर टांगलेलं होतं आणि हे कुणालाच माहीत नव्हतं. मी तोंड उघडं टाकून उभी राहिले.

"दाब!" बाबा घोगऱ्या आवाजात ओरडले.

मी बटण दाबलं.

चौघं निघाली तेव्हा आजी बाबांसमोर थांबल्या, त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "वाळलायत हो तुम्ही. खात नाही का काही?" चेहऱ्याबद्दल अवाक्षर नाही. बाबा लाजल्यासारखे झाले. दुपारी फोटो न्यायला नात एकटीच आली, फोटो छातीशी धरला आणि पळाली.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण आनंदामागोमाग तीच किरकिर सुरू झाली. "हा फोटो तुमचा," मी बाबांना म्हटलं. "मी नुसतं बटण दाबलं. ते तर मांजरसुद्धा दाबेल."

बाबा दमून आजींच्याच खुर्चीत बसले होते. करडा पडदा मागे तसाच, लाइट तसेच. मी एकदम म्हटलं, "उठू नका. तुमचा काढते."

"वेडी की काय!" त्यांचा डावा हात झटकन उजव्या गालावर गेला. झटका आल्यापासून त्यांनी एकही फोटो काढू दिला नव्हता. "नको. कोण बघणार हे."

"मी बघणार."

मी कॅमेरा नेमका लावला आणि वायरचं बटण हातात घेऊन त्याच्या शेजारी येऊन उभी राहिले. आणि सांगते, मला भीती वाटली. कॅमेऱ्यामागे डोकं खुपसलं की आपण सुरक्षित असतो. इथं मध्ये काहीच नव्हतं. मी आणि समोर बाबा. काय करायचं चेहऱ्याचं? हसू? मग म्हटलं, मरो ते, बघ नुसती.

मी बघितलं. रोज मी त्या ओघळलेल्या गालाला औषध, टॉवेल, चमचा लावते, पण त्याच्याकडे बघायचं टाळतच आले होते. आता बघितलं. अर्धा चेहरा दमून झोपला होता आणि उरलेला अर्धा त्याच्या वाटणीचंही काम करत होता. हनुवटीवर लहानपणी कधीतरी पडल्याचा व्रण. कपाळाची मधली आठी, माझ्या कपाळावर आहे तीच. एवढंसं तोंड आणि त्यात किती काय काय मावलेलं! या माणसानं मला चालायला शिकवलं. किती सुंदर म्हातारा आहे हा, माझ्या मनात आलं, आणि मी इतके दिवस कुठं होते?

बाबांचा हात गालावरून हळूहळू खाली आला. मी हनुवटी म्हटलं नाही, खांदे म्हटलं नाही. बोटाला कधी कळलं कोण जाणे, बटण दाबलं गेलं.

फोटो छापून मी त्यांच्या मांडीवर ठेवला आणि वाकून दोघांनी एकदमच बघितला. चेहरा तोच, वाकडा, काही लपवलेलं नाही. पण त्यातला माणूस कॅमेऱ्याच्या जरा बाजूला बघत होता, आणि कसा बघत होता! आपल्यावर कुणाचा तरी जीव जडलेला समोर धडधडीत दिसला की माणूस बघेल, तसा. त्याच्या समोर त्या वेळी मी उभी होते. माझा चेहरा कसा झाला होता ते मला कधीच दिसणार नव्हतं. पण बाबांनी तो बघितला होता.

बाबा फार वेळ फोटो धरून बसले. कापरा उजवा हातसुद्धा त्यावर ठेवला. मग म्हणाले, "बाहेरच्या काचेत लाव."

"बाहेर? बाबा, रस्त्यावरचे सगळे बघतील."

"लाव. आणि काउंटरवर उद्यापासून मी बसतो." जड जिभेनं त्यांनी एकेक शब्द नीट उच्चारला. "कुणी विचारलं, कुणी काढला, तर सांगायला माणूस नको?"

मला काहीतरी फटकन बोलायचं होतं, नेहमीसारखं. पण मी भिंगाखालचा लाल ठिपका नखानं खरवडून काढला आणि फोटो घेऊन बाहेरच्या काचेकडे गेले.