डायनामोवरचा हात

त्याने डायनामोची जाड वायर बॅटरीच्या टोकाला टेकवली आणि श्वास रोखून धरला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकंज्यात आवळलेलं ते जुनं धूड एकदा गुरगुरलं आणि फिरू लागलं. जोडणी बरोबर असेल तर डायनामो बॅटरीवर मोटरसारखा फिरतो. हा फिरत होता. 

"फिरला एकदाचा!" बायको ओट्यापाशी उभी होती. "आता तरी माझं टेबल मोकळं करा. आठवडाभर मांडीवर ताट घेऊन जेवतोय आपण."

"करतो गं."

गाड्यांची विजेची कामं करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. हल्ली मात्र सगळं बारीक काम तो गॅरेजमधून घरी आणायचा. शांतता लागते, असं धाकट्या भावाला सांगायचा. खरं कारण बायकोलाही माहीत नव्हतं. डायनामोच्या आतल्या आर्मेचरच्या तारा डाखताना सोल्डरिंगचं तापलेलं टोक बोटाला चिकटलं होतं, आणि ते त्याला जळक्या वासावरून कळलं होतं. तेव्हापासून तो घाबरलेला होता, अगदी एकट्याने रडावं इतका. बोटं गेली तर त्याच्याजवळ दुसरं होतं काय? धाकटा मायाळू होता हीच पंचाईत. लगेच म्हणाला असता, दादा, तू आता खुर्चीत बसून नुसतं सांग.

दार ढकलून धाकटाच आत आला.

"दादा, झाला का? गाडीवाला येऊन बसलाय. मिनिटामिनिटाला विचारतोय."

"झाला. बघ, कसा फिरतोय." त्याने सवयीने मागच्या बुशवर, दांडा ज्यात फिरतो त्या कडीवर, तळहात ठेवला. नवा बुश घट्ट बसला की तिथेच तापतो, आणि हे ओळखायला त्या दोघांनी हाताशिवाय कधी काही वापरलं नव्हतं. "गार आहे. ने खुशाल."

बायको टेबल आवरायला पुढे आली होती. तिने कौतुकाने आपलाही हात त्याच्या हाताशेजारी टेकवला आणि झटकन मागे घेतला.

 त्याचा हात अजून तिथेच होता.

"भावजी, आज नाही मिळायचा," ती म्हणाली. तिने बॅटरीवरची वायर काढली आणि त्याचा हात हलकेच उचलून आपल्या हातात झाकून घेतला. "मागचा बुश तापतोय, हे मघाशीच म्हणत होते. तुम्हाला बघून यांना गंमत सुचलीय."

"या वयातही सुधारायचा नाही हा!" धाकटा हसतच बाहेर पडला.

ती दाराला कडी लावून आली. त्याच्या तळहातावर लालभडक चट्टा उठला होता. तिने तो नळाखाली धरला.

"कधीपासून?"

"बरेच महिने झाले. त्याला सांगू नकोस."

"नाही सांगत. काय गरम, काय गार, ते मी बघत जाईन."  मग तिने एकदम नळ बंद केला. "अहो, साखर वाढली तेव्हा डॉक्टर काय म्हणाले होते? आधी पाय बधिर होतात. हात नंतर."

 टेबलाखाली आठवडाभराचे तांब्याच्या तारांचे तुकडे पडले होते, आणि घरात तो अनवाणीच वावरायचा.

"बसा."

तो बसला. तिने खाली बसून त्याचा पाय मांडीवर घेतला आणि तळवा वर केला. त्याला तिकडे बघायचा धीर होईना. तो तिच्या चेहऱ्याकडेच बघत राहिला. तो चेहरा पांढरा पडला, तेव्हा त्याला कळलं.