सरांना आवडलेलं दार

दिवाळी अंकाला कथा द्यायची आजची शेवटची तारीख. दादरची कचेरी सहाला बंद व्हायची, चार वाजून गेले होते, आणि शैलाचा पाय काही लालबागच्या आपल्या तळमजल्यावरच्या खोलीतून निघत नव्हता.

कॉलेजातल्या देसाईसरांनी कथेच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'उत्कृष्ट! दार उघडण्याचा प्रसंग हा कथेचा आत्मा.' पण आधीच्या दोन कथाही सरांना उत्कृष्टच वाटल्या होत्या आणि दोन्ही साभार परत आल्या होत्या. संपादकांचा शेरा एकच, 'जीव नाही.' आता दुसऱ्यांदा दिवस गेलेले. ही कथाही परत आली की वही कायमची माळ्यावर जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

वरच्या मजल्यावरची रखमा बाळाला सांभाळायला आली, तशी शैला गयावया करत म्हणाली, "रखमाबाई, पाच मिनिटं ऐकता? खरं खरं सांगा."

"माका काय कळता गो वयनी? बरा, वाच."

गोष्ट आठ महिन्यांपूर्वी मोर्च्यावर झालेल्या गोळीबाराच्या दिवसाची. जखमी सत्याग्रही दार ठोठावतो आणि आतली बाई, तान्हं लेकरू कडेवर घेऊन, बेधडक कडी काढते.

"बरी असा," रखमा म्हणाली. "सर खूश होतले."

"आणि तुम्ही?"

रखमा बाळाचं झबलं सारखं करत राहिली. "त्या दिशी तुझा दार मीच ठोठावत होतंय. डोक्यातून रगत गळत होता."

"आम्ही तर वडाळ्याला, भावाकडे..." तेव्हा सगळ्यांना सांगितलेलंच शैलाच्या तोंडून निघालं, आणि अर्ध्यावर थिजलं.

"वडाळ्याक? मगे आत कोणाचा पोर रडत होता? रडता रडता एकदम गप झाला. मी म्हटलंय, हिणा तोंड दाबल्यान. माझ्या ठोकण्यान पोर गुदमारात, म्हणान मीच निघान गेलंय."

शैलाची नजर बाळाकडे गेली. बाळाच्या गालांवर उमटलेली आपली बोटं तिने त्या दिवशी तेल लावून पुसायला पाहिली होती. त्यातलं एक अक्षरही कथेत नव्हतं.

तिने दार उघडणारी दोन्ही पानं फाडली. कोऱ्या पानावर लिहिलं, 'तिने कडी काढली नाही.' पुढचं वाक्य येईना. घड्याळात पाच वाजले.

"किती वेळ उभ्या होतात हो दाराशी?" मान वर न करताच तिने विचारलं.

"आधी तू लिव," रखमा बाळाला उचलून घेत म्हणाली. "मगे वाच. चुकला तर मी सांगान."