पाटलानं बेल उचलला

“अक्का, तू नुसतं व्हय म्हण,” वीरभद्रप्पा म्हणाला. “दिवस मावळायच्या आत पाटलाची औतं तुझ्या वावराभायेर काढतो.”

अंगणात त्याच्यामागे कमठाण्याहून आलेले सात जण उकिडवे बसले होते. सगळ्यांजवळ काठ्या होत्या. एकानं घोंगडीत जुनी बंदूक गुंडाळून आणली होती. रुद्रम्मानं सगळ्यांना तांब्याभर पाणी दिलं आणि ती उंबऱ्यावर बसली.

“न्हाई,” ती म्हणाली.

“कामून?”

“तुम्ही आज काढताल. उद्या गाडी जुपून गावाला जाताल. परवा मी अन् गौरी दोघीच हाव.”

“मग तहसिलीतून चौकशीला आलेला गिरदावर तुझं ऐकंल म्हणतीस? पाटलाच्याच वाड्यात जेवायलाय त्यो.”

“महादेव हाय की.”

वीरभद्रप्पा हसला नाही. तो म्हणाला, “रझाकारांच्या वक्ताला आमी बंदुका धरल्या म्हणून आमचं गाव ऱ्हायलं, अक्का. महादेव खाली उतरला नव्हता.”

“आमच्या गावात कुणाजवळ बंदूक नव्हती,” रुद्रम्मा म्हणाली. “तरी मी जित्ती हाय.”

ते त्यालाही माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी गावात रझाकारांची घोडी शिरली तेव्हा तिचा नवरा निंगप्पा बिदरला गेलेला होता. दीड वर्षाच्या गौरम्माला पोटाशी धरून रुद्रम्मा गावाबाहेरच्या महादेवाच्या देवळात शिरली आणि पिंडीमागच्या अंधारात दोन दिवस बसून राहिली. माणसं दारापर्यंत आली, आत डोकावली, परत गेली. पोर तापानं फणफणली होती, पण तेवढा वेळ रडली नाही. त्या दिवसापासून रुद्रम्माचा हिशेब सरळ होता. जिथं आपला हात पुरत नाही तिथं त्याचा पुरतो. ती दर सोमवारी देऊळ झाडायची, पिंडीवर पाणी घालायची आणि काही मागायची नाही. मागायची वेळच आली नव्हती.

आता आली होती. निंगप्पानं जगदेवप्पा पाटलाचं चार एकर वावर अठरा वर्षं कुळानं केलं. दगड वेचले, बांध घातले, चिंचेखालची पडीक जमीन तुरीला आणली. मग नवा कायदा आला आणि कूळ म्हणून निंगप्पाचं नाव कागदावर चढलं. आता पाटलालाही त्याला सहज काढता येणार नव्हतं. पण दुसऱ्याच वर्षी निंगप्पा पोटाच्या दुखण्यानं गेला आणि पाटलानं तहसिलीत अर्ज दिला, की मरायच्या आदल्या दिवशी निंगप्पानं आपल्यासमोर वावर राजीखुशीनं सोडलं.

त्या दिवशी पाटील आला होता हे खरं होतं. बाजेशी बसून त्यानं विचारलंही होतं. निंगप्पाला बोलवत नव्हतं. त्यानं मान हलवून नाही म्हटलं होतं. रुद्रम्मा उशाशीच होती. खोलीत चौथं माणूस नव्हतं.

वीरभद्रप्पा दुसऱ्या दिवशी पहाटे माणसं घेऊन परत गेला. जाताना बहिणीच्या पाया पडला.

चौकशी चावडीवर झाली. गिरदावर थकलेला, बरा माणूस होता. त्यानं आधी शेजारच्यांना विचारलं. गुरुशांतप्पा म्हणाला, मी त्या दिवशी मुडबीच्या बाजाराला गेलो होतो. सिद्धप्पा म्हणाला, मला काही ठाऊक नाही. हे दोघे निंगप्पाबरोबर वीस वर्षं एका बांधावर भाकरी खाल्लेले. रुद्रम्मानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाटलाच्या विहिरीवर त्यांची बागायत होती, हे तिला कळत होतं.

“बाई, तुझ्या बाजूनं कुणी साक्षीदार हाय का?” गिरदावरनं विचारलं.

“हाय,” ती म्हणाली. “गावाभायेरच्या देवळात.”

लोक हसले. ती सावकाश म्हणाली, “साहेब, पाटलांनी देवळात यावं. पिंडीवरचा बेल उचलावा आन् निंगप्पानं वावर सोडलं म्हणून सांगावं. सांगितलं तर मी दावा सोडते. वर जानार न्हाई.”

हसू थांबलं. गिरदावरनं चष्मा काढला. “नीट इचार करून बोलायलीस का? हे लिहिलं की तुला बांधील ऱ्हाईल.”

“लिवा.”

तिला जराही भीती वाटत नव्हती. जगदेवप्पा लिंगपूजेशिवाय तोंडात पाणी घेत नसे. हा माणूस चावडीवर खोटं बोलेल, तहसीलदारापुढं बोलेल. पण तिथं, त्या दगडावर हात ठेवून बोलणार नाही. आणि बोलायला गेलाच तर त्याची जीभ उचलणार नाही, असं तिला वाटत होतं. अगदी तसंच वाटत होतं.

सगळं गाव देवळापर्यंत चालत गेलं. पाटलानं पायातलं काढलं, तोंड धुतलं, आत गेला. पिंडीवर सकाळी रुद्रम्मानंच वाहिलेला बेल होता. त्यातलं एक पान त्यानं उचललं, कपाळाला लावलं आणि रोजच्या आवाजात म्हणाला, “निंगप्पानं वावर माझ्यासमोर सोडलं. ह्यो महादेव साक्ष हाय.”

मग पान परत ठेवून तो बाहेर आला आणि वाकून जोडा घालू लागला.

गिरदावरनं कागदावर रुद्रम्माचा अंगठा घेतला. काही चुकलं असेल म्हणून ती थोडा वेळ तिथंच उभी राहिली. गौरम्मानं पदर ओढला तेव्हा घरी गेली.

गाव वाट पाहत राहिलं. खोटा बेल उचललेल्याचं वर्षाच्या आत काहीतरी होतं, असं सगळे मानत. पाटलाच्या घरातलं कुणी शिंकलं तरी विहिरीवर बातमी पोचायची. रुद्रम्माही वाट पाहत होती. सोमवारी पाणी घालताना आता ती गप्प नसायची. आधी मागितलं, त्याच्या तोंडून खरं निघू दे. मग मागितलं, त्याचं वावर जळू दे. एकदा मनात आलं, त्याचा थोरला मुलगा. त्या दिवशी तांब्या तसाच ठेवून ती पायरीवर येऊन बसली. वीरभद्रप्पाला काठी टाकायला लावली आणि आपण काय धरून बसलोय, हे तिला दिसलं. तिनं पुढं काही मागितलं नाही. पण वाट पाहणं सुटलं नाही.

त्या साली पाटलाची ज्वारी पुरुषभर वाढली. थोरल्या सुनेला मुलगा झाला. बारशाला पेढे गावभर वाटले, रुद्रम्माच्या दारातही आले.

वावर गेल्यावर ती मजुरीला जाऊ लागली. रानं निघाली की पडलेली कणसं वेचायला गौरम्मालाही घेऊन जायची. संक्रांतीनंतरच्या एका सकाळी चिंचेखालच्या त्याच तुकड्यात दोघी सरवा वेचत होत्या. तूर कापून नेलेली, खाली तिरपी धारदार खुंटं राहिलेली. गौरम्माच्या टाचेत एक खुंट खोल गेलं. रुद्रम्मानं ते उपसलं, हळद भरली, चिंधी बांधली. पोर दुपारी लंगडत का होईना, शेंगा वेचत होती.

आठव्या दिवशी तिची दातखीळ बसली. गुरुशांतप्पानं गाडी जुपली. ते कल्याणीच्या दवाखान्यात पोचले तेव्हा तिचं अंग धनुष्यासारखं वाकत होतं. डॉक्टर म्हणाला, फार उशीर केला. परतीच्या वाटेवर रुद्रम्मा मांडीवरचं डोकं दोन्ही हातांनी धरून बसली होती. गाडी हलत होती म्हणून.

पोरीला माती दिल्यावर चार दिवस बायका येत राहिल्या. पाचव्या दिवशी विहिरीवर तिला ऐकू आलं. बोलणारी सिद्धप्पाची बायको चन्नव्वा होती, आणि ती वाईट मनानं बोलत नव्हती.

“देवानं दावलं की, खोटं कोन हाय ते. पाटलाच्या घरी पाळना हलायलाय आन् हिची पोर गेली. उगी बेल उचलायला लावला म्हनायचा.”

रुद्रम्माची घागर भरली होती. ती उचलून ती घरी आली. तिनं कुणाला काही सांगितलं नाही. काय सांगायचं? दावा तिनंच तिथं नेला होता. निकाल कसा वाचायचा, ते गावानं ठरवलं होतं.

महिनाभरानं, उन्हं उतरताना, जगदेवप्पा पाटील एकटाच तिच्या अंगणात आला. ती सुपात ज्वारी पाखडत होती. तिनं पदर सारखा केला आणि पोतं अंथरलं. तो बसला नाही.

“रुद्रम्मा, लोक काहीबाही बोलायलेत. मी त्यांना बोला म्हणलं न्हाई.”

“व्हय.”

“चिंचेखालचं वावर तू कर. वाट्यानं कर. कुनी आडवं येनार न्हाई.”

तिनं सूप खाली ठेवलं. “पाटील, चावडीत येऊन सांगता का? निंगप्पानं वावर सोडलं नव्हतं, म्हणून.”

त्यानं कुंपणाकडे पाहिलं.

“आता ते कसं व्हईल?” तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता. “आता तर लोक दगडानं मारतील.”

“मग वावर ऱ्हाऊ द्या.”

तो जायला वळला, पुन्हा थांबला. “तू अजून देवळात जातीस म्हनं.”

“जाते.”

“कामून जातीस?” हे त्यानं कुत्सितपणे विचारलं नाही. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

रुद्रम्मानं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. “खरं काय ते तिघांनाच ठाऊक हाय,” ती म्हणाली. “मला, तुमाला आन् त्याला. त्यो काई बोलला न्हाई, ते खरं. पर खोटंबी बोलला न्हाई.”

पाटील गेला. पोतं तसंच अंथरलेलं राहिलं.

सोमवारी ती तांब्या घेऊन निघाली. पारावरची माणसं ती येताच बोलायची थांबली, ती पुढं गेल्यावर पुन्हा बोलू लागली. देवळाची वाट चिंचेखालच्या वावराच्या कडेनं जात होती. आदल्या दिवशीच्या वळवानं निंगप्पानं घातलेला बांध एका जागी फुटला होता आणि काळी माती ओढ्याकडे वाहून गेली होती. रुद्रम्मानं तांब्या सावलीत ठेवला, पदर खोचला. घसरलेले दगड एकेक करून वर चढवले, फटीत चिखल भरला, पायानं दाबला. मग ओढ्यावर हात धुतले, तांब्या पुन्हा भरून घेतला आणि देवळाकडे चालू लागली.