निळ्या बांगडीचे हिरवे तुकडे

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता अर्नाळ्याच्या कोळीवाड्यात धर्मा भगतानं कमळीच्या उजव्या मनगटाला तोंड लावलं, चोखलं आणि बांगडीच्या काचेचा सातवा तुकडा थाळीत थुंकला. मनगटावर ओरखडासुद्धा नव्हता. अंगणातल्या शे-दीडशे माणसांनी हात जोडले. साल १९५१, दिवाळी उलटून पंधरा दिवस झाले होते.

"दर्याचं पाप दर्याला," पानाचा तोबरा गालात सरकवत धर्मा म्हणाला. "आता मनगटावर एक डाग. हात सुटंल, होडी येईल."

चुलीत कोयता लाल होत होता.

दवाखान्यातली नर्स क्लेमेंटीन गर्दी सारत पुढे आली. कोळ्याची नवरी लग्नात उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला देते, नवऱ्याला सांभाळ म्हणून. पुढे तो हात रिकामाच ठेवायचा, हे कोळी नसलेल्या, भुईगावच्या क्लेमेंटीनलाही ठाऊक होतं. वीस वर्षांच्या कमळीनं आगाशीच्या बाजारात गंमत म्हणून त्या हातात एक बांगडी चढवली. त्याच संध्याकाळी वारा फिरला आणि होडी घेऊन मासेमारीला गेलेला तिचा नवरा दयाराम परतला नाही. कमळीनं बांगडी दगडावर फोडून खाडीत टाकली. सकाळी उठली तो हात मनगटापासून मेलेला.

क्लेमेंटीननं परवा सुई टोचून पाहिली होती. बधिरपणा सगळीकडून एकाच गोल रेघेवर थांबत होता, जिथे बांगडी बसली होती तिथेच. नंतर दुपारी सुकत्या बोंबलांशेजारी कमळीला डुलकी लागली. गालावर माशी बसली आणि त्याच मेल्या हातानं ती हाकलली. तेव्हापासून क्लेमेंटीनला धड झोप नव्हती. लढाईच्या दिवसांत लष्करी इस्पितळात तिनं एक शिपाई पाहिला होता. पायाला जखम नाही, तरी पाय उचलेना. त्याचे डोळे कमळीच्या डोळ्यांसारखेच होते.

तिनं थाळीतला तुकडा उचलला. हिरवा.

"कमळे, तुझी बांगडी कोणत्या रंगाची होती?"

कमळी खाली बघत म्हणाली, "निळी."

"मग हे हिरवं कसं?"

"मला वाटलं, दर्यानं रंग बदलला."

धर्मा उसळला. "नर्सबाय, देवीच्या कामात हात घालू नको."

"नाही घालत. तुम्ही चूळ भरा, गाल दाखवा आणि आठवा तुकडा काढा."

"भगताच्या तोंडाला पानी लागलं तं देवी जाते."

"विड्यानं नाय जात वाटतं," म्हातारा प्लासिड तांडेल म्हणाला. चार माणसं हसली. प्लासिडनं तांब्या पुढे केला. धर्मानं तोंड फिरवलं, तसा त्याच्या फुगल्या गालातून आठवा तुकडा पानाच्या पिंकेबरोबर मातीत पडला. तोही हिरवा. प्लासिडनं चुलीतला कोयता काढून बादलीत बुडवला.

कमळीची सासू यशोदा पुढे आली. "भगताला बांगडीचं मीच सांगितलं. रंग मलाच ठाऊक नव्हता. म्हंजे सूनपन सोंग करते?"

"नाही, यशोदाआये. सोंग त्याचं, दुखणं हिचं खरं. नसा काही बांगडीसारख्या गोल नसतात. ती रेघ भीतीनं आखलीय. झोपेत भीती सुटते तेव्हा हात हलतो, मी पाहिलंय. मनाला धसका बसला की अंग असं अडतं. डाग दिला असता तर हात खरोखरच गेला असता."

"मंग आत्ता हलव," कुणीतरी म्हणालं.

"मी भगत नाही. वेळ लागेल."

कमळीनं हळूच विचारलं, "नि होडी?"

"वाऱ्याला बांगडी दिसत नाही, कमळे. तुझ्यामुळे तो फिरला नाही. होडीचं मला ठाऊक नाही."

अंग अडलं तर दवाखाना गाठावा. जे दिसतं ते का दिसतं, हे विचारावं. आणि भगत आलाच दारात, तर आधी त्याला चूळ भरायला लावावी.

धर्मा त्याच दिवशी गाव सोडून गेला. महिन्याभरात कमळीचा अंगठा आणि दोन बोटं हलू लागली. संध्याकाळी वारा वाढला की पुन्हा बधिर होतात. गेल्या शनिवारी कळंबच्या किनाऱ्याला एक वल्हं लागलं. कमळी आणि यशोदा जाऊन पाहून आल्या. ते दयारामच्या होडीचं की दुसऱ्या कुणाच्या, हे अजून ठरलेलं नाही.