शंभर खांब

संध्याकाळी साडेसहाला मुंगी घरात नव्हती.

हे तिच्या आईच्या लक्षात आलं ते शिवणाचं मशीन थांबल्यावर. दुपारपासून ती शर्टांना कॉलर लावत होती. गठ्ठा संपला, पाय थांबले आणि घर एकदम गप्प वाटलं. मुंगी असली की घर कधी गप्प नसायचं. सात वर्षांची, दुसरीतली पोर, पण एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की लागली. मुंगी हे नाव काकानं ठेवलेलं. "वाटेत भिंत आली तर वर चढेल, पण मागे फिरायची नाही," असं तो कौतुकानं सांगायचा.

"मुंगे!" आईनं हाक मारली. ओ आली नाही.

टेबलावर आठवड्याचा गृहपाठ होता. शाळेच्या बाई दर सोमवारी एक कागद द्यायच्या. त्यावर शुद्धलेखनाचे दहा शब्द आणि गणिताचं एक 'करून बघा'. या खेपेला एकाच प्रकारच्या शंभर वस्तू मोजायच्या होत्या. आईला त्यात काळजीचं काही वाटलं नव्हतं. शिवणकामाच्या घरात बटणांना काय तोटा? दुपारी तिनं बटणांचा डबा लेकीपुढे सरकवला होता. मुंगी म्हणाली होती, "आई, बटणं नाही चालत, बाईंनी..." आणि तोंडात टाचण्या धरूनच आईनं तिचं बोलणं तोडलं होतं. "मला मान वर करायला फुरसत नाही. शंभर झाल्याशिवाय मला तोंड दाखवू नकोस."

डब्याचं झाकण घट्ट बसलेलं होतं. ते कोणी उघडलंच नव्हतं.

शेजारच्या काकूंकडे मुंगी नव्हती. गच्चीवर नव्हती, जिन्याखाली नव्हती. मुंगीचे बाबा ट्रक घेऊन दूरच्या फेरीवर गेलेले, त्यांचा फोन लागेना. आईनं दिराला बोलावलं आणि तो येईतो बाईंना फोन केला.

"बटणं?" बाई म्हणाल्या. "बटणं दुसऱ्या मुलीनं आधीच घेतली हो. माझ्या वर्गात दोघांनी एकच वस्तू मोजायची नाही, नाहीतर एकमेकांचं बघून लिहितात. ज्यानं त्यानं सोमवारी उठून आपली वस्तू सांगायची. तुमच्या मुलीची पाळी शेवटी आली. तोवर पायऱ्या, खिडकीचे गज, चमचे, सगळं संपलेलं."

"मग तिनं काय घेतलं?"

"रस्त्यावरच्या दिव्यांचे खांब." बाई थबकल्या. "मी सगळ्यांना एकेक खडू दिलाय. मोजलं की त्यावर आकडा टाकायचा. मला वाटलं, घरचं कोणीतरी सोबत असेलच."

"शंभर खांब कुठवर जातात, बाई?"

बाईंना ते माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, मी पोलिसांना कळवते आणि निघते.

पहिला खांब फाटकाशीच होता. आईच्या कमरेएवढ्या उंचीवर पांढरा एक. रोज ती इथून जायची, पण आज त्या आकड्याला हात लावून बघितल्याशिवाय तिला पुढे जाववेना.

दीर स्कूटर हळूहळू चालवत होता, आई मागे बसून आकडे बघत होती. चारला लांब शेपूट काढायची मुंगीची खोड होती, ती चौथ्या खांबावर दिसली. दहाव्यावर आकड्याखाली 'मांजर' लिहिलेलं होतं. विसाव्यावर 'खिडकी'.

"ही तर शुद्धलेखनही उरकतेय बरोबरीनं," दीर म्हणाला. "दर दहाला एक शब्द. वहिनी, ही पोरगी आपल्या घरात जन्मलीच कशी? मला नववीतही पाढे येत नव्हते."

आई हसली. तिसाव्या खांबापर्यंत दोघांनाही वाटत होतं की पुढच्या वळणावर ती दिसेल, खडूनं बरबटलेली. मग तिला रागवायचं की उचलून घ्यायचं एवढाच प्रश्न होता.

चौकात पंक्चरवाला दुकान आवरत होता. त्याच्या दारातला खांब त्रेचाळिसावा.

"आली होती की," तो म्हणाला. "मी खांबाला टेकून चहा पीत होतो. मला म्हणते, काका, बाजूला व्हा, मला लिहायचंय. मी म्हटलं, काय गं, नगरपालिकेत लागलीस का? तर म्हणे, मधेच थांबले तर पहिल्यापासून मोजावं लागेल."

"कधी?"

"उजेड होता तेव्हा." त्यानं आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातला पाना खाली ठेवला. "एकटीच होती. मला वाटलं, मागून कोणी येत असेल."

पन्नासनंतर दुकानं संपली. साठनंतर दोन्ही बाजूंना गोदामांच्या लांबच लांब भिंती लागल्या, दारं बंद, खांबांवरचे दिवेही बंद. सत्तराव्या खांबावर शब्द होता 'पाऊल'. अक्षर तसंच, नीटनेटकं, कमरेच्या उंचीवर.

एकाहत्तराव्या खांबावर आकडा दिसेना.

"मागे घे," आई म्हणाली. "चुकलं असेल."

दिरानं मोबाईलचा उजेड वर नेला. आकडा होता. त्याच्या डोक्याच्याही वर होता. अक्षर मुंगीचंच. खाली अर्ध्या खांबाला ताजा काळा रंग दिलेला, अजून ओला. तिथं खडू उमटला नसता.

"कोणीतरी उचललं असेल तिला," दीर म्हणाला. "पोचत नव्हतं म्हणून. भला माणूस असेल, वहिनी."

"भल्या माणसानं तिला घरी आणून सोडलं असतं."

पुढचे सगळे आकडे वरच होते. चौऱ्याहत्तराच्या चाराला लांब शेपूट होतं. म्हणजे हात थरथरत नव्हता, पोर रडत नव्हती, असं आईनं स्वतःला समजावलं. मग तिच्या मनात आलं, न रडता ती कोणाच्याही कडेवर बसेल, फक्त मोजणी तुटता कामा नये. दिराचा शर्ट तिनं दोन्ही हातांनी धरला.

नव्वदच्या पुढे काळा रंग संपला. खांब खालपर्यंत कोरडे, करडे होते. आकडे तरीही वरच होते.

दोघांनीही ते पाहिलं.

शंभरावा खांब ट्रकांच्या वजनकाट्याच्या बंद फाटकासमोर होता. आकडा होता, त्याखाली दहावा शब्द, 'उजेड'. खांबाच्या पायाशी खडूचा नखाएवढा तुकडा. आजूबाजूला माणूस नाही.

"झाले तिचे शंभर," आई म्हणाली. "आता ती घरी येईल. मी तसंच सांगितलं होतं तिला." आणि ती मागच्या रस्त्याकडे बघत राहिली. त्याच रस्त्यानं ती दोघं आली होती आणि वाटेत त्यांना कोणी भेटलं नव्हतं.

बाई पोलिसांच्या गाडीतूनच आल्या. पोलिसानं बॅटरी खांबावर धरली, तेव्हा शब्दाच्या उजवीकडे आणखी एक खूण दिसली. बरोबरची. मोठी, एका झटक्यात ओढलेली, मोठ्या माणसाच्या हातची.

"ही तुमची?" त्यानं विचारलं.

"मी इथं कधीच आलेली नाही," बाई म्हणाल्या.

सव्वाआठ वाजता पोलिसानं त्या खुणेचा फोटो काढला. मग तो पुढच्या खांबापर्यंत चालत गेला आणि त्यानं बॅटरी वरपासून खालपर्यंत फिरवली. त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.